मयताचा काठ

माझा हात लवकर उठतो, हे आमच्या गावात देवळातल्या गुरवापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. सासरी मी तीन वर्षं टिकले. चौथ्या वर्षी नवऱ्याने माझ्यावर हात उगारला, तो मी दाराच्या फटीत चेमटवला आणि दुपारच्या एस.टी.ने माहेरी आले. तेव्हापासून म्हसवडच्या पेठेत ब्लाउज शिवते आणि वडिलांबरोबर राहते. आई मी सासरी असतानाच गेली. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढं मारामाऱ्या बऱ्याच आहेत आणि त्यातली एक मी स्वतः सुरू केलेली आहे. पण सगळ्यात जास्त मार ज्यांनी खाल्ला, त्यांनी जन्मात कुणाला टपली मारली नव्हती. ते माझे वडील, आबा.

आम्ही सनगर, घोंगडी विणणारे. मेंढरं धनगरांची, लोकर धनगरांची आणि माग आमचा, असं आमच्या माणदेशात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे, मी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायचे. त्या खळीचा वास अंगाला असा चिकटतो की सासरची माणसं मला त्यावरनं बोलायची. बोलू देत. त्यांच्या घरात तेवढंसुद्धा चिकटून राहण्यासारखं काही नव्हतं.

घोंगडी आमच्याकडे नुसती पांघरायची वस्तू नाही. हळदीला नवरानवरी तिच्यावर बसतात, देवाचा भंडारा तिच्यावर उधळतात, भांडण तोडायला पंच बसतात तेही तिच्यावरच. तिच्यावर बसून खोटं बोलायचं नाही आणि कुणी विचारलं तर लपवायचं नाही, एवढा एकच कायदा. कागदावरचा कायदा आम्हाला माहीत नव्हता असं नाही, पण त्याची गरज कधी पडली नव्हती. तिथंच आम्ही फसलो.

आता काठाचं सांगते. घोंगडीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या रेघा असतात. नेहमीच्या घोंगडीत रेघ या बाजूपासून त्या बाजूपर्यंत सलग जाते. पण धनगराच्या घरात माणूस गेलं की त्याच्या अंगावर जी घोंगडी घालतात, तिची रेघ मधोमध तुटते. चार बोटं काळं मोकळं राहतं आणि रेघ पलीकडं परत सुरू होते. हे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याने होत नाही. दोन्हीकडून दोन पांढरे धागे आणायचे आणि मध्ये बोटांनी एकेक वळवून मागं फिरवायचे. सगळी गंमत मनगटात आहे. आमच्या भागात हे एकट्या आमच्या घराला यायचं. ही घोंगडी विकायची नाही, कुणाला कौतुकाने दाखवायची नाही. मरण सांगून येत नाही आणि विणायला चार दिवस लागतात, म्हणून एक कायम तयार करून आढ्याला टांगून ठेवायची. ज्याच्या घरी मयत झालं तो येणार, आबा न बोलता ती काढून देणार, आणि दुसऱ्या दिवशी नव्या घोंगडीला हात घालणार. घोंगडी मातीत जाते, परत येत नाही.

चार वर्षांपूर्वी सांगलीतला एक दुकानदार आमच्या दारात आला. मोठी गाडी, पांढरा शर्ट, आणि बोलणं असं गोड की लोणीसुद्धा लाजावं. कारागिरांसाठी काहीतरी करायचंय म्हणाला. आमच्याकडे आजवर जो कुणी आला तो कारागिरांसाठी काहीतरी करायलाच आला, कारागिराला पाणी विचारणारा अजून यायचाय. आबांनी घोंगडी अंथरली. तो बसला, आबा बसले. त्याने सगळे काठ पाहिले आणि मग विचारलं, "आजोबा, तुम्ही कधीच विकत नाही असा एखादा काठ असेल ना?"

दुसरा कुणी असता तर नाही म्हणून मोकळा झाला असता. आबा घोंगडीवर बसले होते. त्यांनी वर आढ्याकडं पाहिलं.

"हाय की," म्हणाले. "पर त्यो मैताचा. दावायचा नसतो."

"मी कुणाला दाखवणार नाही. शब्द देतो."

तो घोंगडीवर बसून बोलला होता. आबांच्या लेखी ते प्रकरण तिथंच पक्कं झालं. सांगलीच्या माणसाला घोंगडी म्हणजे बसकण वाटत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी आढ्यावरची घोंगडी काढली आणि त्याच्या पुढ्यात उलगडली.

यापुढचं मी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. आबा दूध आणायला शेजारी गेले. दुकानदार मला म्हणाला, "ताई, एक टोक जरा धरता का? सरकारी योजनेच्या अर्जाला फोटो लागतो." मी बारावी शिकलेली. मोबाइल कळतो, अर्ज कळतो, योजना कळते, असा माझा तोरा. मी टोक धरलं. वर त्याला म्हणाले, "उजेडात घ्या, नीट येईल." त्याने फोटो घेतले. आबा दूध घेऊन आले तेव्हा घोंगडी आढ्यावर परत गेलेली होती.

दोन वर्षं काही झालं नाही. मग शेजारच्या वाडीवर एका मेंढपाळाच्या लेकीचं लग्न निघालं. आबांचं आणि त्याचं चाळीस वर्षांचं जाणंयेणं, दरसाल त्याची लोकर आमच्याकडे यायची. हळदीची घोंगडी आबांच्या मागावरची असते, पण या वेळी नवऱ्यामुलाच्या मामाने हौसेने सांगलीहून आणली होती. मऊ, हलकी, चेन लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. आबांना वाईट वाटलं असणार, पण ते मांडवात पहिल्या ओळीत जाऊन बसले. मी बायकांत होते. मामाने पिशवीची चेन ओढली, घोंगडी झटकली, अंथरली, आणि हळदीने माखलेली दोघं पोरं तिच्यावर बसली.

नवरीच्या बापाची नजर काठावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. रेघ मधोमध तुटलेली होती. चार बोटं काळं.

त्याने लेकीला दंडाला धरून असं उपसलं की तिच्या हातातल्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलं. ती रडायला लागली. नवऱ्याकडच्यांना वाटलं हा लग्न मोडतोय. कुणीतरी त्याला ढकललं, त्याने मामाचं नरडं धरलं, आणि बघता बघता मांडवात बुक्क्या, चपला, हळदीच्या पराती सगळं उडायला लागलं. मांडवाचा एक खांब उपसून कुणीतरी कुणाच्या तरी पाठीत घातला. मामा खालून ओरडत होता, "आरं, इकत आनलीया! दुकानातनं इकत आनलीया!"

"कुणी इनली?" नवरीचा बाप गरजला. "ह्यो काठ इननारं घर एकच हाय!"

सगळे आबांकडे वळले. आबांच्या कपाळावर अजून लग्नघरचा टिळा होता. ते उठून उभे राहायला गेले, तेवढ्यात पहिली थप्पड बसली.

मी मध्ये पडले. एकाच्या हाताला चावले, एकाच्या पोटात कोपर घातलं, मग मला दोन बायकांनी केसाला धरून खाली पाडलं. आबांना ओढत आमच्या घराकडं नेलं. अर्धा मैल अंतर. मी पोचले तेव्हा दार निघालेलं होतं. मागाचे दोर कापलेले, फणी अंगणात, मी आदल्या दिवशी खळ लावून वाळवलेला ताणा पायाखाली. आबांच्या मागावर एक घोंगडी अर्धी विणून झालेली होती. कापड गुंडाळायचा लाकडी रूळ नवरीच्या बापाने उपसून हातात घेतला आणि त्या अर्ध्या घोंगडीवर उगारला. माझ्या वेड्या बापाने काय करावं? स्वतःचं डोकं झाकलं नाही. कापडावर हात घातला. रूळ उजव्या मनगटावर बसला.

तो आवाज मी इथं लिहिणार नाही.

मग कुणाला तरी आढ्यावरची घोंगडी दिसली. "बगा, साटा करून ठिवलाय!" तीच घोंगडी, जिची वाट उद्या त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी घराने पाहिली असती. अंगणात टाकून मोटारसायकलीचं पेट्रोल ओतलं. लोकर सहजासहजी पेटत नाही, ती धुमसते आणि जळक्या केसांसारखी घाण मारते. सगळे तोंडाला पटके लावून तिच्या भोवती उभे राहिले, आणि आबा मोडलेला हात मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "पोरी, त्यास्नी शिव्या देऊ नगंस." मी सगळ्या दिल्या. येत होत्या तेवढ्या, आणि काही नव्या.

आठवड्याने देवळापुढं पंच बसले. आबांच्या हाताला प्लॅस्टर. त्यांना घोंगडीवर बसवलं, लग्नातली ती सांगलीची घोंगडी पुढ्यात टाकली आणि विचारलं, ही तू विणलीस का.

"न्हाई," आबा म्हणाले. "ही यंतरावरची हाय. हात लावून बगा, लोकरच न्हाई."

पंचांनी हात लावून पाहिला. सगळ्यांना पटलं. तिथंच गप्प बसले असते तर सुटले असते. मी मागून खुणा करत होते की आता उठा, चला.

"पर काठ दावला मीच," आबा म्हणाले. "त्येनं शबूद दिला आन् मी दावला."

मेले! मला त्या क्षणी स्वतःच्या बापाला मारावंसं वाटलं. आणि त्याहून जास्त स्वतःला, कारण टोक धरणारी मागं बायकांत उभी होती आणि पंचांपुढं बायकांना घोंगडीवर कुणी बसवत नाही. पंचांनी निकाल दिला. जोवर हा काठ बाजारात विकला जातोय, तोवर या घराला लोकर नाही. आबांनी मान डोलावली. त्यांना निकाल बरोबर वाटला होता, हे मला जास्त लागलं. लोकर नाही म्हणजे माग नाही, आणि मागाशिवाय माझा बाप म्हणजे ओसरीवर बसलेला कुणी एक म्हातारा.

दुसऱ्या सोमवारी मी शिवणाची मोठी कात्री पिशवीत टाकली आणि विट्यावरनं सांगली गाठली.

दुकान थंडगार. दारात मातीची भांडी, भिंतीला पाटी: थेट कारागिराच्या घरून, रास्त व्यवहार. आत एका फळीवर त्या घोंगड्या रचलेल्या, आणि लहान मापाच्याही. मी तिथल्या मुलीला विचारलं, ह्या एवढ्याशा कशाला? ती हसून म्हणाली, "बाळांसाठी आहेत मॅडम, पाळण्यात घालायला."

बाळांसाठी!

मी कात्री काढली. पहिली घोंगडी मधोमध फाडली, मग दुसरी, मग हाताला येईल ती. मुलगी किंचाळत बाहेर पळाली. दुकानदार आतल्या खोलीतून आला, मला ओळखून "ताई, ताई" करत जवळ आला, आणि मी कात्री खाली ठेवून त्याच्या थोबाडात दिली. कात्री खाली ठेवली, एवढं मात्र पोलिसांना तीनदा सांगितलं. दुसरी थप्पड मारायच्या आत राखणदाराने माझा हात पाठीमागं पिरगळला आणि मला फरशीवर पालथं पाडलं. ओठ फुटला. त्या स्वच्छ फरशीवर माझं रक्त पडलं तेव्हा दुकानदार राखणदाराला म्हणाला, "पुसून घे आधी."

पोलीस ठाण्यात तो फार मोठ्या मनाने वागला. तक्रार करणार नाही म्हणाला. उलट, आबांचा फोटो प्रत्येक घोंगडीच्या चिठ्ठीवर छापू, त्यांना मानधन देऊ, म्हणाला. आणि काठाचं? "ताई, तुटलेली रेघ कुणीही काढू शकतं. आमच्या डिझायनरने काढली." चोर तो चोर, वर शिरजोर. साहेबांनी माझ्याकडं पाहून मान हलवली, म्हणजे माझंच चुकलं. मी चिठ्ठी मागितली, जी त्या घोंगड्यांना टाचलेली असते. त्याने कौतुकाने दिली.

चिठ्ठीवर फोटो होता. आमची घोंगडी, आमच्या दारातला उजेड, आणि कडेला टोक धरलेला एक अंगठा. त्या अंगठ्यावर नखापासून पेरापर्यंत शिलाई मशीनच्या सुईचा व्रण.

ती चिठ्ठी मी घरी आणून डब्याखाली लपवली. आबांना ती सापडणार नाही असं मला का वाटलं, कोण जाणे. त्या घरात दोन माणसं आणि चार डबे.

गावात एका मास्तरांनी साताऱ्यातल्या वकीलबाईंचं नाव सुचवलं. बाई बोलायला फटकळ, म्हणून मला आवडल्या. म्हणाल्या, माल विकायला मनाई मागू, कोर्टात टिकवू, पण मूळ वस्तू आणा. फोटो नको, फोटो त्याच्याकडेही आहेत. हाताने धागा कसा वळतो ते कापड कोर्टाला दिसलं पाहिजे.

"ती जाळली," मी म्हणाले.

"मग नवी विणा."

आबांना हे सांगितलं. प्लॅस्टर निघालं होतं, पण मनगट तिरकं जुळलं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पहिल्यासारखं वळणार नाही. आणि घरात लोकर उरली होती ती कशीबशी एका घोंगडीपुरती.

"दावायची न्हाई म्हनून जपली," आबा म्हणाले, "आन् आता वाचवायला दावायची?"

"मग काय करू? त्याच्या पाया पडू? पाळण्यात पोरं निजवतात त्यावर, आबा!"

मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. ते उठून मागापाशी गेले. सुताराने माग जोडून दिला होता, पण त्यावर अजून कुणी बसलं नव्हतं. आबा खड्ड्यात उतरले.

"कोर्टासाटी न्हाई इनत," म्हणाले. "आडं रिकामं हाय, त्यासाटी इनतो. वाटंत कोर्टाला दावून आन."

चार दिवसांचं काम बावीस दिवस चाललं. बाकीचं कापड त्यांनी डाव्या हाताच्या जोरावर ओढलं, पण काठाला डावा हात पुरत नाही. धागा वळवायला मनगट फिरवलं की त्यांच्या कपाळावर घाम फुटायचा. एकदा वेदनेने त्यांनी खालचा ओठ असा चावला की रक्त आलं. मी खड्ड्याच्या काठावर बसून दोरे हातात द्यायचे आणि मनातल्या मनात नवरीच्या बापाला, त्या मेंढपाळाला, रोज एकेका तऱ्हेने मारायचे. कधी रुळाने, कधी दगडाने. आमच्या घराला जो उलटा टांगून गेला त्याला सुखाने जेवण जाऊ नये, असं मला वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचे.

दुसऱ्या टोकाचा काठ आला त्या दुपारी मला राहवलं नाही. "आबा, फोटो काढला त्या दिवशी एक टोक मी धरलं होतं."

त्यांनी धागा वळवून पुरा केला. "ठावं हाय."

"कसं?"

"चिठ्ठी बगितली. तुजा अंगटा मी वळकनार न्हाई व्हय?" मग म्हणाले, "तुला ती सुई लागली तवा मीच कापूस जाळून भरला हुता."

"मग बोलला का न्हाई?"

"तू सांगशील म्हनून थांबलो."

मी तिथंच लोकरीत तोंड खुपसून रडले. मार खाल्ला होता, केस उपटले होते, ओठ फुटला होता, तेव्हा नव्हते रडले. आबा विणत राहिले.

घोंगडी झाली. ताणून पाहिली तर तुटलेल्या रेघेची दोन टोकं एका ओळीत येत नव्हती. उजव्या हाताची बाजू अर्धं बोट खाली घसरलेली. आबांच्या मागावरून असलं काम कधी उतरलं नव्हतं. त्यांनी उसवायला घेतलं, मी हात धरला. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, असू दे, उलट बरंच आहे, हातची खूण. तारीख बुधवारची होती. खटल्याला लोक भिजत घोंगडं म्हणतात ते मला ठाऊक होतं, पण पहिल्याच तारखेला वस्तू दाखवली तर मनाई मिळेल, नाही दाखवली तर अर्ज पडेल, असं बाईंनी बजावलं होतं.

बुधवारी सकाळी म्हसवडच्या स्टॅंडवर मी साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत होते. घोंगडी धुतलेल्या साडीत बांधून मांडीवर. मोटारसायकलवर मागं बसून एक माणूस आला, उतरला आणि थेट माझ्यापुढं येऊन उभा राहिला. तो मेंढपाळ. लग्नाच्या दिवसानंतर मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"म्हातारी गेली पहाटं," तो म्हणाला. त्याची आई.

"मग?"

"घरी गेल्तो. तुजा बा म्हनाला, घोंगडी पोरीकडं हाय, तिला इचार."

"आडं कुणी रिकामं केलं?" मी उठले. "सांगा की सगळ्यांला! कुणी जाळली? कुणी हात मोडला?"

स्टॅंडवरची माणसं वळून बघायला लागली. तो खाली बघत म्हणाला, "मीच. मार मला. पर दी."

मी मारलं. त्याने सांगितलं म्हणून नव्हे, मला मारायचंच होतं. कानफटात अशी ठेवून दिली की त्याचा पटका उडून मातीत गेला. मोटारसायकलवाला धावत आला, त्याला त्याने हातानेच मागं सारलं. दुसरी मारली. तो हलला नाही. तिसरीला माझा हात उठला आणि त्याच वेळी साताऱ्याची गाडी आत शिरली.

माझ्या डोक्यात सगळं स्पष्ट होतं. गाडीत बसले तर मनाई, मग लोकर, मग आबांचं नाव. ही मातीत गेली तर दुसरी विणायला ना लोकर होती, ना ते मनगट. गाडीत बसायचं. पंचांनी, या माणसाने, सगळ्यांनी मिळून आम्हाला इथवर आणलं होतं. त्याची म्हातारी उघडी जाऊ दे.

आणि मग वाटलं, तिकडं मयत उघडं पडलंय आणि मी त्याची घोंगडी टेबलावर पसरून लोकांना दाखवायला निघालेय. मग त्या पांढऱ्या शर्टात आणि माझ्यात फरक काय राहिला? मी बांधलेली साडी त्याच्या छातीवर आदळली. "घ्या. आन् तोंड दावू नका." गाडी गेली. वकीलबाईंना फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला काय बोलावं तेच कळत नाही." अर्ज त्या दिवशी पडला. त्या घोंगड्या आजही विकल्या जातात, लहान मापाच्यासुद्धा.

मयताच्या अंगावर घोंगडी विणणाऱ्या घरानेच घालायची असते, म्हणून आबा वाडीवर गेले आणि मीही मागून गेले. मान खाली घालून, पण गेले. दीडदोनशे माणसं होती, त्यात आमच्या घराचं दार तोडणारेही होते. आबांनी डाव्या हाताने एक टोक धरलं, दुसरं मी. म्हातारी एवढीशी झाली होती. घोंगडी पसरली आणि काठ तिच्या पायाशी नीट दिसायला लागला.

पंचांतला एक जण वाकून बघत म्हणाला, "काठ वाकडा हाय की रं. रेगंला रेग येत न्हाई."

आबा ओशाळले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी तो मेंढपाळ आईच्या पायाशी बसल्या बसल्याच बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"वाकडाच असनार. त्येचा हात म्या मोडलाय."